सिंहिणींच्या खालचा कोपरा

थोरलीला रस्त्याने जाताना माणसं दिसत नसत, खिडक्या दिसत. पडदे शिवण्यात हयात गेली की असंच होतं. कुणाच्या खिडकीत चुण्या एकसारख्या पडलेल्या नसल्या की तिचा दिवस बरा जाई. पडलेल्या असल्या तर कापड हलकं असणार, असं मनाशी ठरवून ती पुढे सरके. कापड भारी निघालं तर शिलाईत खोट काढी, शिलाई बरी निघाली तर रंगात. आणि एखाद्या खिडकीत कापड, शिलाई, रंग तिन्ही जुळून आलं, तर तो रस्ताच ती काही दिवस टाळत असे.

मत्सर हा तिचा अवगुण नव्हता, व्यासंग होता. बहिणीच्या वेण्यांपासून सुरुवात झाली, मग बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीचं अक्षर, मग शेजारणीची उंची. वयाबरोबर माणूस निवळतो म्हणतात. थोरलीचा गाळ काही खाली बसला नाही. मात्र तिने कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्याचं चांगलं आहे ते त्याच्याकडे राहावं, फक्त आपलं त्याहून बोटभर वर असावं, एवढंच तिचं मागणं.

सासरच्या घराच्या तळमजल्यावर पडद्यांचं दुकान होतं. दारावरच्या पाटीवर दिवंगत सासऱ्यांचं नाव, आणि पुढे ‘आणि चिरंजीव’. चिरंजीव म्हणजे थोरलीचा नवरा. तो शिडीवर चढून भिंतीत दांडे ठोकायचा आणि उरलेल्या वेळात विनोद करायचा. माप घेणं, बेतणं, शिवणं, गिऱ्हाइकाची समजूत काढणं ही किरकोळ कामं थोरलीकडे.

या घरात ती नवी नवरी म्हणून आली तेव्हाची एक गोष्ट घरात अजून सांगितली जाते. दाराजवळच्या भिंतीचा हातभर तुकडा गिलावा न करता तसाच सोडलेला होता. उघड्या विटा. थोरलीला वाटलं, गवंडी पळून गेला. तिने त्यावर झालरीचा छोटा पडदा शिवून टांगला आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिली.

“काढ तो,” सासूबाई म्हणाल्या. “ज्यूंच्या घरात वाढलीस ना?”

“आम्ही भाड्याच्या घरात वाढलो, आई. मालकाने सगळीकडे गिलावा केला होता.”

मग सासूबाईंनी सांगितलं की जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याची आठवण म्हणून घर बांधताना एवढी जागा अपुरी ठेवायची असते. सगळं साजरं झालं तरी काहीतरी राहिलंय, हे येता-जाता दिसावं म्हणून. थोरलीने पडदा काढला. झालर मात्र फार सुरेख झाली होती, असं तिचं मत कायम राहिलं.

सिनेगॉगमध्ये तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवतात, त्याच्यासमोरचे जुने पडदे दुरुस्तीला थोरलीच्याच दुकानात येत. एकदा असे तीन-चार पडदे टेबलावर पसरलेले असताना मास्तरीणबाई खोलीचं माप द्यायला आल्या. चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीमुळे उसंत मिळाल्याने आणखी रागीट झालेल्या. त्यांनी चष्मा लावून एकेक पडदा वाचला. अमुक गृहस्थांनी तमुक गृहस्थांच्या स्मरणार्थ अर्पण केला. प्रत्येकावर तेच.

“आणि भरला कोणी?”

“बायकांनीच असेल,” थोरली म्हणाली. “पुरुषाचा हात नाही हा. गाठी बघा मागच्या, किती नीट. भरतकामाची खरी परीक्षा मागच्या बाजूने होते.”

“म्हणजे डोळे बायकांचे गेले आणि स्मरण पुरुषांचं झालं,” मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि माप द्यायचं विसरून गेल्या.

त्यातून तो गट निघाला. मास्तरीणबाई, एक मातीकाम करणारी, एक फोटो काढणारी आणि जागा तिची म्हणून थोरली. दुकानाच्या वर कापडाचे तागे ठेवायची खोली होती, तिथे जमायचं. आपल्या आज्या-पणज्यांनी काय केलं ते शोधायचं, आणि आपण काय करतो ते नावानिशी करायचं, असा ठराव झाला. थोरलीला ठरावातलं ‘नावानिशी’ तेवढं नेमकं कळलं आणि आवडलं. मातीकामवालीने घरोघरच्या मोडक्या दिव्यांचे साचे घेतले. फोटोवालीने म्हाताऱ्या बायकांच्या हातांचे फोटो काढले. थोरलीने जुन्या पडद्यांवरच्या टाक्यांचे नमुने पांढऱ्या कापडावर उतरवून काढले. सगळ्या म्हणाल्या, “काय सफाई आहे हो तुमच्या हाताला!” त्या वर्षी तिने खिडक्यांकडे जरा कमी पाहिलं.

मग दिराची गावात बदली झाली आणि त्याची बायको, धाकटी, घरात राहायला आली.

धाकटी चित्रकार होती, मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायची. हसताना मान मागे टाकायची आणि खोलीतला प्रत्येक माणूस विनोद ऐकला नसला तरी हसायचा. गटात पहिल्याच दिवशी नावाचा विषय निघाला. सहा महिने गटाला नाव मिळत नव्हतं. धाकटी म्हणाली, “जाऊबाई परवा म्हणत होत्या ना, खरी परीक्षा मागच्या बाजूने होते? तेच ठेवू या. ‘मागची बाजू’. आपण बायकाही सिनेगॉगमध्ये मागेच बसतो.”

टाळ्या पडल्या. थोरलीनेही वाजवल्या. वाक्य तिचं, टाळ्या धाकटीला.

“मागची बाजू!” रात्री जेवताना नवरा म्हणाला. “पाटीवर लिहू का? गिऱ्हाईक पळेल.”

“तुम्ही दांडे ठोका,” थोरली म्हणाली.

गटाने सिनेगॉगसाठी नवा पडदा भरायचं ठरवलं, आणि पुढच्या बैठकीत धाकटीने त्यासाठी खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलेलं एक चित्र आणलं. कपाटासमोरच्या पडद्यावर परंपरेने दोन सिंह मुकुट धरून उभे असतात. धाकटीने दोन सिंहिणी काढल्या होत्या. एका हाताने, म्हणजे पंजाने, त्यांनी बाजाराची पिशवी धरावी तसा मुकुट धरला होता. एक जांभई देत होती. दुसरी मुकुटाकडे न बघता कुणीतरी हाक मारल्यासारखी मागे वळून पाहत होती.

थोरलीने कापड निवडताना पाहते तसं ते चित्र उजेडात धरून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं. खोट सापडेना. पाठ दुखत असताना पोळ्या लाटणारी प्रत्येक बाई त्या जांभईत होती. हे चित्र वाईट असतं तर थोरलीने धाकटीवर मनापासून माया केली असती. दुर्दैवाने ते उत्तम होतं.

“ही जांभईवाली जाऊबाईंसारखी दिसते नाही?” फोटोवाली म्हणाली.

“त्यांनाच पाहून काढली,” धाकटी लाजून म्हणाली. तिला वाटलं, हा मान आहे.

सिनेगॉगची व्यवस्था पाहणारे कारभारी आजोबा सिंहिणी पाहून बराच वेळ दाढी कुरवाळत बसले. शेवटी म्हणाले, “पण यांना आयाळ नाही.”

“सिंहिणींना नसते, आजोबा.”

“हो, पण लोक विचारतील.”

“तर सांगा, धुऊन वाळत घातलीय.” हे धाकटी बोलली. आजोबा इतके हसले की परवानगी देऊन बसले. अशी उत्तरं थोरलीलाही सुचत, पण वरातीमागून घोडं यावं तशी, दुसऱ्या दिवशी कांदा चिरताना.

खरा घाव पुढेच होता. लग्नाचा पोशाख पडद्यासाठी देणं हे जुनं पुण्य. बाईच्या अंगावरचं वस्त्र तोरासमोर जातं, म्हणजे पावित्र्यात ते वरच चढतं. सासूबाईंनी आपला सायीच्या रंगाचा, जपून ठेवलेला रेशमी झगा पेटीतून काढला. या झग्याची उसवलेली कड थोरलीनेच एकदा बिनबोभाट नीट केली होती, दर वर्षी ऊन तीच दाखवी. ती हात पुढे करणार, तेवढ्यात सासूबाईंनी तो धाकटीच्या मांडीवर ठेवला.

“तुझं चित्र, तू काप.”

धाकटीने झगा थोरलीकडे सरकवला. “मला नाही जमणार, आई. जाऊबाई, तुम्हीच कापा ना. मी रेघ मारून देते.”

मग धाकटीने रेघ मारली आणि थोरलीने आपल्या कात्रीने त्या रेघेवरून सासूचा लग्नाचा झगा कापला. कात्री कुठे अडली नाही. कात्रीला मन नसतं, हे तिच्यासाठी बरंच असतं.

“नाव घालशील ना गं माझं?” सासूबाई धाकटीला म्हणाल्या. “माझ्या लग्नाच्या कागदावर माझ्या बापाचं नाव आहे, नवऱ्याचं आहे, साक्षीदारांचं आहे. माझं आहे, पण अमक्याची मुलगी म्हणून. एकदा नुसतं बघायचंय.”

“पहिलंच घालू, आई.”

गटाने ठरवलं, डावीकडच्या सिंहिणीच्या खालचा हातभर कोपरा नावांसाठी. अक्षरांत थोरलीचा हात सगळ्यांत स्वच्छ, म्हणून तो कोपरा तिने भरायचा. बाकीचा पडदा सगळ्यांनी मिळून भरला. धाकटीला टाका फारसा येत नव्हता. ती मधेमधे उठून लांब जाऊन पाहायची आणि म्हणायची, “इथे थोडं कमी करू या.” थोरली उसवायची. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांच्या पायांतला काटा कसा कळणार, असं ती मनात म्हणायची. पण कमी केल्यावर ते चांगलं दिसायचं, आणि तेच तर खुपायचं.

शनिवारी संध्याकाळी, आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, उतरला की पडदा उघडायचा, असं ठरलं होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं झालं, उरला फक्त नावांचा कोपरा. धाकटीने त्यावर शिंप्याच्या खडूने नावं लिहून ठेवली होती आणि आपल्या मुलीला ताप आला म्हणून ती खाली गेली होती. थोरली सुई ओवून बसली आणि तिने पहिल्यांदा तो मजकूर नीट वाचला.

सगळ्यांत वर सासूबाईंचं नाव. ठीक. मग ‘संकल्पना आणि चित्र’, धाकटीचं नाव. मग ‘भरतकाम’, मास्तरीणबाई, मातीकामवाली, फोटोवाली. आणि अगदी खाली, ‘शिवणकाम साहाय्य’, थोरलीचं नाव.

साहाय्य.

मजकूर मास्तरीणबाईंनी केला होता. त्यांच्या लेखी भरतकाम गटाचं, आणि कापणं, जोडणं, अस्तर लावणं हे दुकानाचं. थोरलीने भरतकामही अर्ध्याहून जास्त केलं होतं हे त्या विसरल्या, कारण जे रोज समोर असतं ते माणूस विसरतोच. धाकटीने नुसतं उतरवून घेतलं होतं. पण थोरलीला खडू धाकटीच्या हातातला दिसला.

ती भांडली असती तर प्रश्नच नव्हता. एक शब्द पुसून दुसरा लिहायला कितीसा वेळ लागतो! पण मागून घेतलेला मान तिला मान वाटत नसे. तिने दोरा काढला, दुसरा ओवला. तोही काढला. चहा करून आणला. सूर्य समोरच्या छपरांवर टेकत चालला होता, आणि शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग सुई चालवायची नाही, हा नियम त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होता.

“झालं का हो?” मास्तरीणबाईंनी जिन्यातून विचारलं. “मला शब्बाथचे दिवे लावायला घरी पोचायचंय.”

“होतंच आलंय, बाई. तुम्ही निघा. मी घडी घालून आजोबांकडे देते.”

खोलीत ती एकटी राहिली. तिने मऊ ब्रश घेतला आणि खडू झटकला. आधी ‘साहाय्य’ झटकलं, तिथेच थांबायचा तिचा विचार होता. मग धाकटीचं नाव समोर आलं. मग एवढं झटकल्यावर बाकीचं कशाला, असा सफाईचा विचार सुचला. रेशीम कोरं झालं, सायीच्या रंगाचं. उद्या पडदा उघडेल, नावांच्या जागी काही नसेल, खडूने काही लिहिलेलंच नव्हतं असं ती सांगेल, धाकटीची फजिती होईल आणि दुरुस्तीला वेळ नसेल. तिने पडदा आत तोंड करून दुमडला, पांढऱ्या चादरीत गुंडाळला. कारभारी आजोबांनी तो सूर्य मावळायच्या आत नेऊन टांगला, वरून चादर तशीच ठेवून.

शनिवारी चोराच्या मनात चांदणं होतं, पण आकाशात लवकर येईना. अंगणात जमलेली मंडळी माना वर करून तारे शोधत होती. नवरा म्हणाला, “अगं, आज तुझ्या कामाचं कौतुक, आणि तू दात दुखत असल्यासारखी का उभी?”

“दातच दुखतोय.”

तिसरा तारा दिसला. सगळे आत गेले, दिवे लागले, आजोबांनी चादर ओढली.

सिंहिणी पाहून आधी हशा झाला. मग आजोबा पुढे गेले आणि खालच्या डाव्या कोपऱ्याशी थांबले. मागे वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“कोपरा सोडलाय,” ते म्हणाले. “आमच्या आजोबांच्या घरी भिंतीवर असा सोडलेला होता. मी म्हणत होतो, या पोरी थट्टा करतायत. पण यांना आठवण आहे.”

मास्तरीणबाई एक क्षण गोंधळल्या, मग त्या शिक्षिका होत्या हे त्यांना आठवलं. “आणि नावं नाहीत,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “आजवर ज्यांनी पडदे भरले आणि ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, त्या सगळ्यांची ही जागा. ऐन वेळी हे सुचणं म्हणजे... धन्य आहे त्या मुलीची!” आणि त्यांनी धाकटीकडे हात केला.

टाळ्यांचा असा कडकडाट त्या इमारतीने ऐकला नसावा. थोरली मागे खांबाला टेकून उभी होती. विहीर खणली तिने, आणि पाणी लागलं धाकटीच्या दारात. न भरलेल्या कोपऱ्याचंही श्रेय धाकटीलाच मिळावं, म्हणजे या जगात शिल्लक तरी काय राहिलं?

धाकटी पडद्याकडे पाहत होती. तिला काही कळलेलं दिसत नव्हतं. मग तिने गर्दीत थोरलीला शोधलं, आणि मग तिला सगळंच कळलेलं दिसलं.

“हे माझं नाही,” ती म्हणाली. “तो कोपरा जाऊबाईंचा आहे. पूर्ण त्यांचा.”

टाळ्या जागच्या जागी वळल्या. आजोबांनी थोरलीचे हात धरले, फोटोवालीने तिला कोपऱ्याशी उभं करून फोटो काढला. आयुष्यभर तिने हजारो टाके घातले, त्यांना कुणी टाळी वाजवली नव्हती. वाजवली ती न घातलेल्या टाक्यांना. आणि एवढं सगळं मिळूनही तिच्या पोटात दुखायचं थांबेना, कारण टाळ्या धाकटीने दिलेल्या होत्या. हे औदार्यही नेमकं तिलाच सुचायचं होतं!

गर्दी ओसरल्यावर सासूबाई काठी टेकत पडद्याजवळ गेल्या. त्यांनी कोपरा डोळ्यांजवळ धरून पाहिला, उलटसुलट पाहिला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

“माझं नाव कुठेय?”

थोरली पडद्याची एक चुणी सारखी करू लागली.

“छान आहे हो कोपरा,” सासूबाई थोरलीला म्हणाल्या. “आठवण वगैरे. पण ती आमच्या भिंतीवर आहेच. तू तर तिच्यावर झालर लावली होतीस.” आणि त्या घरी जायला वळल्या. रागावल्या असत्या तर थोरलीला पेललं असतं.

रविवारी सकाळी थोरली सुईदोऱ्याची डबी घेऊन सिनेगॉगमध्ये गेली. धाकटी तिथे आधीच, पहिल्या बाकावर बसलेली. अर्थातच आधीच.

“मला वाटलंच तुम्ही याल,” धाकटी म्हणाली.

“मी खडू झटकला,” थोरली म्हणाली. “तुझी फजिती करायची होती.”

“माहितीय. ‘साहाय्य’ वाचून ना? मलाही ते खटकलं होतं, पण बाईंशी कोण बोलणार म्हणून मी गप्प बसले. माझंही चुकलंच.”

“तुझी चूक काढू नकोस आता,” थोरली भडकली. “एवढी एक तरी मला राहू दे.”

धाकटी मान मागे टाकून हसली. थोरलीला हसायचं नव्हतं.

कोपरा आता भरता येत नव्हता. ती जागा आजोबांची आणि साऱ्या गावाची होऊन बसली होती. थोरलीने पडद्याची कड उचलून अस्तराची बाजू वर केली. कोऱ्या कोपऱ्याच्या पाठीमागे, कपाटाच्या बाजूला, अस्तरावर, गुंडाळ्या बाहेर काढणाऱ्यालाच दिसेल अशी जागा होती. धाकटीने पडदा धरून ठेवला, थोरली जमिनीवर मांडी घालून बसली. आधी सासूबाईंचं नाव. नुसतं नाव, कुणाची मुलगी नाही, कुणाची बायको नाही. अक्षर असं उतरलं की तिने स्वतःच दोनदा पाहिलं. मग मास्तरीणबाई, मातीकामवाली, फोटोवाली.

“आता तुमचं,” धाकटी म्हणाली. “माझं शेवटी, तुमच्या खाली घाला. मी कुठे भरलंय फारसं!”

थोरलीची सुई थांबली. खाली. म्हणजे उद्या जो कोणी पडदा उचलेल तो म्हणेल, बघा, चित्र जिचं तिने आपलं नाव सगळ्यांत खाली घातलं, केवढा मोठेपणा! तोही हिलाच.

“काही नको,” ती म्हणाली, आणि धाकटीचं नाव आपल्या वर, चांगल्या ठसठशीत टाक्यात भरायला घेतलं. “खाली मी.”

“असं कसं, जाऊबाई? तुम्ही मोठ्या.”

“म्हणूनच. गप्प बस आणि पडदा नीट धर, हलतोय.”

सासूबाईंना दुपारी थोरलीच्या नवऱ्याने हात धरून आणलं. त्यांनी पडद्याची कड उचलून आपलं नाव पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. मग खालची दोन नावं वाचली, आणि दोघी सुनांकडे आळीपाळीने पाहिलं.

“मोठी असून ही खाली कशी?”

“मीच म्हटलं,” थोरली घाईने म्हणाली, धाकटीने तोंड उघडायच्या आत.